फळ्या गेल्या, शटर आले

आमच्या चिपळुणात पत्ता सांगण्याची एक खास रीत आहे. जे आज उरलेले नाही त्याच्या खुणेवरून जे आज आहे ते दाखवायचे. 'जुनी वखार होती ना, तिच्या समोर', 'जिथे पूर्वी कौलारू दुकान होते तिथे आता एटीएम आहे, त्याच्या बाजूला', 'टेलरच्या पुढे', आणि तो टेलर तर वीस वर्षांपूर्वीच अल्लाला प्यारा झालेला. बाहेरगावचा माणूस गोंधळून जातो. पण आम्ही गोंधळत नाही, कारण आमच्या डोळ्यांना एकाच वेळी दोन बाजारपेठा दिसतात. एक समोरची, काचेची आणि लोखंडाची. दुसरी तिच्या मागची, लाकडाची आणि कौलांची. नाक्यांची नावेही अशीच. चिंचनाका, वडनाका. नावात झाड आहे आणि डोळ्यांसमोर मोबाइल कंपन्यांचे फलक.

शहर म्हणावे तर गाव आणि गाव म्हणावे तर शहर, असे हे ठिकाण. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीतली वस्ती ५५ हजारांच्या आसपास होती. मुंबई-गोवा मार्गाच्या साधारण मध्यावर, वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या काठी. उत्तरेला परशुराम घाट, पूर्वेला कऱ्हाडकडे चढणारा कुंभार्ली घाट आणि पश्चिमेला दाभोळची खाडी. आम्ही म्हणजे याच बाजारपेठेत तीन पिढ्या दुकान चालवणारे एक कोकणी मुसलमान कुटुंब. दुकान कधी एकट्याचे नसते. आजोबांनी मांडले, वडिलांनी वाढवले, चाचांनी सांभाळले, आता भाऊ, भावजया आणि मुले बसतात. म्हणून लिहायला बसले तरी लेखणीतून 'मी' उतरत नाही, 'आम्ही'च उतरते.

ही बाजारपेठ पाण्यामुळे वसली, हे नव्या पिढीला सांगावे लागते. आज नदीकडे सगळ्यांची पाठ आहे. पण एके काळी माल नदीतूनच यायचा. दाभोळच्या खाडीतून गलबते, मचवे, पडाव भरतीच्या पाण्यावर गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत येत. किनाऱ्यावरून मीठ, नारळ, सुकी मासळी, मुंबईचे कापड आणि भांडी येत. घाटावरून बैलांच्या पाठीवर आणि नंतर गाड्यांतून गूळ, मिरची, तेल, कापूस उतरत असे. दोन्हीकडचा माल जिथे एकमेकांना भेटला तिथे चिपळूणची पेठ झाली. १८८० साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही चिपळूणची ओळख देश आणि किनारा यांना जोडणारी व्यापारी पेठ अशीच आहे. पुढे त्याच दशकात पुण्याहून मिरजेकडे रेल्वे गेली आणि घाटावरचा माल खाली उतरण्याऐवजी रुळांवरून मुंबईला जाऊ लागला. बाजारपेठेला बसलेला हा पहिला मोठा धक्का. आजकाल लोक ऑनलाइन खरेदीने दुकाने बुडाली म्हणून हळहळतात तेव्हा आम्हाला तो धक्का आठवतो. आम्ही तेव्हा नव्हतो, पण पेठ होती आणि ती तगली.

या सगळ्यात आमच्या समाजाचा वाटा पाण्यावरचा होता. कोकणी मुसलमानांत नाखवा होते, तांडेल होते, खलाशी होते. मुंबईच्या गोदीत आणि आगबोटींवर नोकरी करणारे तर घरटी एक. आमच्या आजोबांनी दुकान टाकले ते या दर्यावर्दी माणसांच्या भरवशावर. काथ्याचे दोरखंड, सुतळी, डांबर, कंदील, शिडाचे जाड कापड, ताडपत्री. दुकानात शिरले की काथ्याचा आणि डांबराचा वास नाकात भरायचा. तो वास आमच्या घरातल्या कपड्यांनाही यायचा, असे दादी सांगायची.

दुकानाची इमारत आमची नव्हती, आजही नाही. ती एका ब्राह्मण कुटुंबाची. त्यांच्या आजोबांनी बांधली. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, सागवानी खांब, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौले. एका ओळीत पाच दुकाने. पहिले वाण्याचे, दुसरे भांडीवाल्याचे, तिसरे आमचे, चौथे शिंप्याचे आणि पाचवे औषधाचे. पाचही दुकानांना दरवाजे नव्हते, फळ्या होत्या. वर आणि खाली लाकडात खाच, तिच्यात एकेक फळी सरकवायची. प्रत्येक फळीवर नंबर घातलेला, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे. सकाळी फळ्या काढून बाजूला रचायच्या आणि रात्री पुन्हा लावायच्या. हे काम घरातल्या मुलांचे. आमच्या घरातली मुले एक ते अकरा आकडे शाळेत शिकली नाहीत, फळ्यांवर शिकली.

दुकानापुढे ओटा होता. त्याची लांबी पाचही दुकानांना मिळून एक. त्यामुळे तो कुणा एकाचा नव्हता. दुपारी गिऱ्हाईक कमी झाले की तिथे पाचही दुकानांची माणसे बसत. घाटावरून आलेला शेतकरी आपली भाकरी तिथेच सोडी. गुहागरच्या बाजूची माणसे एस.टी.ची वाट बघत तिथेच टेकत. ज्याला लिहिता येत नसे तो पत्र लिहून घ्यायला तिथेच येई, कारण शिंप्याचे अक्षर चांगले होते. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाच्या घरी मयत झाली, कुणाची बोट मुंबईला लागली, या सगळ्या बातम्या आधी ओट्यावर आणि मग घरी जात. मालक भाडे घ्यायला येत तेही ओट्यावरच बसून. वडील त्यांना अण्णा म्हणत आणि ते वडिलांना भाई. भाड्याची पावती मिळायच्या आधी चहा यायचा.

मग काळ बदलला. तो एकदम बदलला नाही, एकेका वस्तूने बदलला. रस्ते सुधारले, एस.टी. आणि ट्रक वाढले, तशी खाडीतली गलबते कमी झाली. धक्क्यावर गाळ साचला. दोरखंड आणि डांबराचे गिऱ्हाईक आटले. त्याच सुमारास कोयनेचे काम उभे राहिले. चिपळूणच्या वर पोफळीला वीजघर झाले आणि १९६२ पासून वीज निघू लागली. अलोऱ्याला वसाहत झाली. पगारदार माणूस प्रथमच मोठ्या संख्येने बाजारात उतरला. त्याला दोरखंड नको होते. त्याला छत्री, रेनकोट, सतरंजी, मच्छरदाणी हवी होती. वडिलांनी ती ठेवायला सुरुवात केली. कोयनेने वाशिष्ठीलाही बदलले. वीजघरातून सुटलेले पाणी नदीत येऊ लागले आणि उन्हाळ्यातही तिला पाणी राहू लागले. डिसेंबर १९६७ च्या ११ तारखेला पहाटे भूकंप झाला तेव्हा अख्खी बाजारपेठ रस्त्यावर उभी होती. आमच्या इमारतीची कौले घसरली, भिंती मात्र उभ्या राहिल्या. चिऱ्याच्या भिंतीवरचा वडिलांचा विश्वास तेव्हापासून पक्का झाला.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत कामे निघाली. आमच्या समाजाला परदेश नवा नव्हता. आफ्रिकेत, बोटींवर आमची माणसे आधीपासून होती. पण आता जो तो निघाला. कुवेत, सौदी, दुबई, बहरीन, मस्कत. सुतार, गवंडी, ड्रायव्हर, कारकून. त्यांना लागल्या बॅगा. दुकानाच्या पुढच्या भागात सुटकेसेस आल्या. आणि गंमत पाहा, आमचा विसरलेला दोरखंड पुन्हा खपू लागला. कारण जाणारा माणूस सुटकेस दोरीने आवळून बांधायचा आणि येणारा माणूस तर मोठमोठे खोके दोरीने बांधूनच आणायचा. त्यावर रंगाने नाव, गाव, तालुका चिपळूण. जहाजाच्या दोरीने विमानाचे सामान बांधले गेले.

आखाताच्या पैशाने बाजारपेठेचे रूप पालटले हे सर्वांना ठाऊक आहे. टेपरेकॉर्डर, अत्तर, परदेशी कापड, ब्लँकेट विकणारी दुकाने निघाली. पासपोर्ट आणि तिकिटाची कामे करणारी ट्रॅव्हल एजन्सी निघाली. सोनाराच्या दुकानात बुरखा घातलेल्या बायकांची गर्दी दिसू लागली. आणि हळूहळू जुनी कौलारू घरे पाडून तीन-तीन मजली कॉम्प्लेक्स उभी राहू लागली. पण या पैशाचा आणखी एक चेहरा आम्ही पाहिला. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि काही आठवड्यांत माणसे परत येऊ लागली. भारत सरकारने त्या वेळी १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांना विमानाने आणले. त्यांतले किती आमच्या तालुक्यातले होते याची मोजदाद आमच्याजवळ नाही, पण आमच्या ओट्यावर रोज एक तरी येऊन बसत असे. हातात एक पिशवी. बारा वर्षांची कमाई तिकडे राहिलेली. अर्धवट बांधलेल्या कॉम्प्लेक्सच्या सळया तशाच गंजत उभ्या राहिल्या. त्या सळया पाहून वडील म्हणायचे, "इमारत पैशाने उभी राहते, पण बाजार माणसाने."

आमची इमारत पाडली गेली नाही, पण तिच्यात शटर आले. १९९२ च्या डिसेंबरनंतरची ती गोष्ट आहे. मुंबईच्या बातम्या येत होत्या. बाजारपेठेत काही झाले नाही, पण भीती होती. दुकाने दिवेलागणीलाच बंद होऊ लागली. फळ्या लावायला दहा मिनिटे लागतात आणि त्या दिवसांत दहा मिनिटे फार वाटायची. अण्णा त्या आठवड्यात रोज संध्याकाळी येऊन आमच्या ओट्यावर बसत आणि शेवटची फळी लागली की उठत. काही बोलत नसत. त्यांनी कशासाठी बसायचे ते आम्हीही कधी विचारले नाही. पुढच्या वर्षी पाचही दुकानांनी एकदम शटर बसवले. कुणी म्हणाले चोरीचे भय, कुणी म्हणाले फळ्या कुजल्या. खरे कारण सगळ्यांना माहीत होते. ओढले की खाली. एका क्षणात बंद.

त्या दशकात बाजाराला आणखी दोन लाटा आल्या. गुहागर तालुक्यात दाभोळचा वीज प्रकल्प उभा राहू लागला, तसे चिपळूणला लॉज भरले, घरभाडी चढली, हार्डवेअरची दुकाने निघाली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि लॉज रिकामे झाले. दुसरी लाट कोकण रेल्वेची. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला. माल लवकर येऊ लागला हे खरे, पण गिऱ्हाईकही सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन खरेदी करून येऊ लागले. लोट्याला आणि खेर्डीला कारखाने आले, तसा बाजार हळूहळू महामार्गाकडे सरकला. बहादूर शेख नाक्याजवळ शोरूम उभ्या राहिल्या. जुनी पेठ अरुंद पडली. तिच्यात गाडी लावायला जागा नाही ही तक्रार तेव्हापासूनची आहे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, जुने ते सोने असे गाणे आम्ही गातो आहोत. तसे नाही. जुन्या बाजारपेठेत जे नव्हते तेही सांगितले पाहिजे. त्या लांबलचक ओट्यावर आम्ही एकही बाई बसलेली पाहिली नाही. मासळी विकणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बाया होत्या, पण त्या रस्त्याच्या कडेला खाली बसत. आमच्या घरातल्या बायकांना आपल्याच दुकानात यायचे तर मागच्या बोळातून यावे लागे. त्यांचे कापड, बांगड्या पुरुष निवडून आणत. ओट्यावर चहा सगळ्यांना मिळे, पण कप सगळ्यांसाठी एक नव्हता. काही माणसांचा कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला असे. तो कोनाडा कुणासाठी होता हे कुणी मोठ्याने म्हणत नसे. आज आमच्या दुकानाचा हिशेब घरातली सून संगणकावर ठेवते. समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन मुस्लिम मुली कपड्यांचे बुटीक चालवतात. कोनाडा बुजला आणि चहा कागदी कपात येतो, जो सगळ्यांना सारखा. काँक्रीटने बरेच काही नेले, पण हेही आणून दिले. त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

पण पाण्याने बसवलेल्या पेठेला पाणी विसरून चालत नाही. पावसाळ्यात बाजारात पाणी शिरणे आम्हाला नवे नव्हते. गुडघाभर पाणी आले की माल माळ्यावर चढवायचा, ओसरले की झाडून घ्यायचे, हे दर वर्षाचे. २६ जुलै २००५ ला मात्र पाणी माणसाच्या डोक्यावर गेले. तेव्हा सगळे म्हणाले, असे शंभर वर्षांत एकदाच होते. सोळा वर्षांत पुन्हा झाले.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. कोरोनाचे निर्बंध होते, म्हणून नमाज घरीच झाली. पाऊस दिवसभर होता, रात्री तो वाढला. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे खाडीला मोठी भरती. वरून डोंगराचे पाणी, खालून समुद्राचे. २२ तारखेच्या पहाटे ते बाजारपेठेत शिरले आणि दुपारपर्यंत तळमजले बुडाले. माळाही वाचला नाही. माणसे दोन दिवस गच्चीवर होती, वीज नाही, फोन नाही. नदीवरचा महामार्गाचा जुना पूल खचला. १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तके चिखल झाली. आमच्या घरातल्यांनी तिथूनच कादंबऱ्या आणून वाचल्या होत्या. शेजारच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंचे 'इंधन'ही तिथूनच.

पाणी ओसरल्यावर शटर उघडले नाही. वाकून अडकले होते. कापावे लागले. आत चिखलाचा थर, छत्र्यांचे सांगाडे, फुगलेल्या सुटकेसेस. आणि उधारीच्या वह्या. लाल कापडी बांधणीच्या सात वह्या गल्ल्याच्या वरच्या फळीवर होत्या. त्यांचा लगदा झाला होता. एक पानही सुटे होत नव्हते. संगणक होता, पण तो दुकानातच होता. म्हणजे कुणाकडे किती येणे आहे याचा एकही पुरावा जगात उरला नाही. मालाचे नुकसान डोळ्यांना दिसते, पंचनाम्यात लिहिता येते. उधारीचे नुकसान कुणाला दाखवणार?

दुकान झाडून झाले आणि पहिल्या आठवड्यात एक मासळीवाली आली. तिचे स्वतःचे घर खाडीकाठी, अर्धे गेलेले. म्हणाली, "चाचा, माझ्याकडं ताडपत्रीचे चारशे राहिलेत. आत्ता दोनशे घ्या." वडील म्हणाले, "वही गेली गं." ती म्हणाली, "वही तुमची गेली. मला ठाऊक आहे ना." मग घाटाखालच्या वाडीतल्या एकाने एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पैसे पाठवले. एका शाळेच्या शिक्षकांनी आमच्यापेक्षा बारीक हिशेब सांगितला, तारखेसह. वर्षभर माणसे येत राहिली. अर्ध्याहून अधिक उधारी परत आली, ती ज्याने त्याने आपल्या आठवणीने दिली. त्यांत हिंदू किती, मुसलमान किती, बौद्ध किती हे आम्ही मोजले नाही. वहीत तसा रकाना कधीच नव्हता.

जे आले नाहीत त्यांच्याबद्दल धाकट्या भावाने एकदा विचारले. वडील म्हणाले, "त्यांचंही पाण्यात गेलंय. पाण्यात गेलेलं मागायचं नसतं." पण आम्हाला माल देणारे मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरचे व्यापारी होते, त्यांच्या वह्या कोरड्या होत्या. त्यांचे देणे आम्ही दोन वर्षे हप्त्याने फेडले. व्यापारात अमानत हा शब्द आमच्या मजहबने शिकवला असे आम्ही अभिमानाने म्हणतो. त्या वर्षी कळले की तो शब्द न वापरणारी माणसेही ती सांभाळतात.

अलीकडे मोबाइलवर अमुक लोकांच्या दुकानातून घेऊ नका असे निरोप फिरतात. आमच्याही मोबाइलवर येतात, कारण पाठवणाऱ्याला यादीतला प्रत्येक जण ठाऊक नसतो. रागही येतो, वाईटही वाटते. नव्या एका इमारतीत आम्ही गोदामासाठी गाळा विचारला, तेव्हा 'आमच्याकडे तसं ठरलंय' एवढेच उत्तर मिळाले. काय ठरले आहे ते विचारायची गरज नव्हती. अशा वेळी मासळीवालीचे दोनशे रुपये आठवतात. त्या दोनशे रुपयांनी निरोप थांबत नाहीत हे आम्हाला कळते. पण बाजारपेठेची खरी बातमी कोणती, हे ठरवायला ते उपयोगी पडतात.

पुरानंतर गावाने गाळ काढण्यासाठी आंदोलन केले. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण मांडले. मंडपात सर्व पक्षांची, सर्व जमातींची माणसे बसली. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ निघू लागला. त्याबरोबर पूररेषांचा विषय आला. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम कठीण, लालच्या आत अटींवर. नकाशावर या रेषा ओढल्या गेल्या आणि बाजारपेठेतला माणूस आपले दुकान कोणत्या रंगाच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहू लागला. पूर्वी आम्ही हद्द विचारायचो ती शेजाऱ्याची, आता विचारतो ती नदीची. महामार्गाचे काम तर अजून धडा शिकवतच आहे. १६ ऑक्टोबर २०२३ ला बहादूर शेख नाक्यावरच्या अर्धवट उड्डाणपुलाचा भाग कोसळला. काँक्रीटही पडते हे सगळ्या गावाने पाहिले.

आमची चिऱ्याची इमारत मात्र दोन्ही पुरांत उभी राहिली. पण आता खांबांचा तळ कुजला आहे, माळा झुकला आहे. अण्णा गेले. त्यांची मुले पुण्यात असतात. आपसांत वाटणी करायची तर इमारत पाडणे भाग आहे, असे त्यांचे म्हणणे आणि ते चुकीचे नाही. बिल्डरने नकाशा आणला. तळमजल्यावर दुकानेच नाहीत. फक्त खांब आणि गाड्या, म्हणजे पाणी आले तर खालून निघून जाईल. दुकाने पहिल्या मजल्यावर. शहाणपणाचा नकाशा आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण दोरी, छत्री, ताडपत्री घ्यायला माणूस जिना चढेल का? मोबाइलवर बोट ठेवले की छत्री घरी येते, त्या दिवसांत? घरात यावर पुष्कळ वाद झाला. सौदीतल्या भावाचे म्हणणे, पैसे घ्या आणि मोकळे व्हा. वडिलांचे म्हणणे, गाळा घ्या. सुनेचे म्हणणे सर्वांत व्यवहाराचे. ती म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक जिना चढणार नाही हे धरून चाला. गोदाम वर ठेवू, विक्री फोनवरून करू आणि नमुने दाखवायला खाली एक हातगाडी लावू. पाणी आलं तर गाडी ढकलत वर रस्त्याला नेता येते."

करारनामा झाला तेव्हा आम्हाला एकच धास्ती होती. नव्या इमारतीत 'तसं ठरलंय' असे कुणी म्हणू नये. अण्णांच्या थोरल्या मुलाने ते न सांगता ओळखले. त्याने करारात पाचही जुन्या भाडेकरूंची नावे लिहायला लावली आणि गाळे त्याच क्रमाने, वाणी, भांडी, दोरी, शिंपी, औषध. शिंप्याच्या घरात आता कुणी शिवत नाही, त्याचा नातू मोबाइल दुरुस्त करतो. तरी कागदावर तो 'शिंपी'च लागला. वडिलांनी सही केली. मग चष्मा पुसत नकाशावर बोट फिरवले आणि बिल्डरला विचारले, "यात ओटा कुठं आहे?"

बिल्डर तरुण होता, त्याला प्रश्न कळला नाही. समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "चाचा, चटई क्षेत्रात ते बसत नाही. जिना जिथे वळतो तिथे चार फूट जागा आहे. तिथे बाकडे टाकता येईल." अण्णांच्या मुलाने ते पेन्सिलीने नकाशावर लिहून घेतले. चार फुटांत तीन माणसे बसतात, दाटीने बसली तर चार. वडील म्हणाले, चालेल.